शाळेचं मीटर मुलांना वाचू द्या

या वेळी निवडलेले प्रश्न शाळा आणि विजेची बचत यांबद्दलचे आहेत. काही शिक्षकांचे, दोन विद्यार्थ्यांचे आणि एका पालकाचा.

प्रश्न : दरवर्षी १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी आम्ही प्रभातफेरी काढतो, घोषवाक्यं आणि चित्रकला स्पर्धा घेतो. मुलं उत्साहानं भाग घेतात. पण पंधरा दिवसांत रिकाम्या वर्गात पंखे पुन्हा फिरायला लागतात. अंगवळणी पडेल असं काय करता येईल?
— सातवीच्या वर्गशिक्षिका, सिन्नर तालुका

प्रभातफेरी जरूर काढा, पण त्याआधी मुलांच्या हाती मीटरची वही द्या. 'वीज वाचवा' या घोषवाक्यात आकडा नसतो. किती वाचवायची आणि वाचली की नाही हे कसं कळायचं, याचं उत्तर मुलाला मिळत नाही, म्हणून ते घोषवाक्य फलकावरच राहतं.

एका वहीत पाच रकाने आखा : दिनांक, वेळ, रीडिंग, फरक, शेरा. आठवड्यातून दोनदाच नोंद करायची. शनिवारी शाळा सुटून कुलूप लागताना एक, आणि सोमवारी सकाळी पहिलं बटण दाबण्याआधी दुसरी. दोन मुलं जातील, सोबत शिक्षक असतील. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं, मग अदलाबदल करून पुन्हा ताळा घ्यायचा. मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीनं बदलत असतात : तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी. आपल्याला हवा तो केडब्ल्यूएच (किलोवॅट-तास, म्हणजेच युनिट) लिहिलेला आकडा. मुलं हमखास चुकतात ती इथेच, कधी कमाल मागणीचा आकडा लिहितात, कधी केव्हीएएचचा. गेल्या बिलावरच्या 'चालू रीडिंग'च्या जवळचा आणि कधीही कमी न होणारा आकडा तो आपला, एवढी खूण सांगून ठेवा. दशांश चिन्ह विसरलं की ४८१२.६ चे ४८१२६ होतात, तेही बघा. शाळेच्या आवारात दोन-तीन मीटर असतील (बोअरवेलचं बरेचदा वेगळं असतं), तर बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवरचा क्रमांक आधी जुळवून घ्या. बिलावर 'गुणक अवयव' १ पेक्षा जास्त असेल, तर फरकाला त्यानं गुणायचं.

पहिले चार आठवडे काहीही बदलू नका, कुणाला टोकू नका. फक्त नोंदी करा. आपण आज कुठे आहोत हे माहीत नसेल, तर पुढे काय वाचलं ते कधीच सांगता येणार नाही.

या नोंदींत सगळ्यात बोलका आकडा सुट्टीचा असतो. समजा शनिवारी दुपारी १२ वाजता रीडिंग ४८१२.६ आहे आणि सोमवारी सकाळी ७ वाजता ४८२१.२. फरक ८.६ युनिट, तास ४३. भागाकार केला की ०.२ किलोवॅट, म्हणजे २०० वॅट. शाळेला कुलूप आहे, आत माणूस नाही, तरी २०० वॅट अखंड जात आहेत. हे कुठे जातात ते शोधा, असं मुलांना सांगा आणि बाजूला व्हा. थंड पाण्याचा कूलर, संगणक कक्षातले यूपीएस, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, कार्यालयातला फ्रिज, मागच्या व्हरांड्यातला विसरलेला दिवा... मुलं यादी घेऊन येतात. त्यातलं काही चालू राहायलाच हवं, कॅमेरे बंद करायचे नाहीत. पण कूलर आणि यूपीएस शनिवारी बंद करता येतात. यूपीएस मात्र थोड्या दिवसांचा खंड असेल तेव्हाच बंद ठेवा. लांबच्या सुट्टीत बॅटरी उतरू नये म्हणून महिन्यातून एकदा चार्ज करावी लागते.

वर्षात ८,७६० तास असतात. शाळा साधारण २२० दिवस, सहा तास धरली तर १,३२० तास भरते. उरलेले सात हजार चारशेहून जास्त तास ती बंद असते. वर्गातल्या पंख्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण या बंद तासांकडे कुणाचंच नसतं. आमच्या मते सुरुवात इथूनच करावी, कारण यात कुणाला उकाड्यात बसावं लागत नाही आणि पहिल्याच महिन्यात आकडा खाली येतो. मुलांना पुढे न्यायला तो उतरलेला आकडा पुरतो.

तुलना करताना एक चूक टाळा. ऑक्टोबरच्या उकाड्यानंतर डिसेंबरात पंखे आपसूक बंद होतात. ती बचत नव्हे, ती थंडी. म्हणून 'कामाच्या एका दिवसाला किती युनिट' असा हिशेब करा आणि जुनी बिलं काढून गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा. स्नेहसंमेलन, बोर्डाचं परीक्षा केंद्र, निवडणुकीचं मतदान केंद्र असं काही झालं असेल तर ते शेऱ्याच्या रकान्यात आलंच पाहिजे. नाहीतर त्या आठवड्याचा आकडा पाहून मुलं उगाच हिरमुसतात.

प्रवेशद्वाराजवळचा सुविचाराचा फळा असतोच. त्याच्या खालच्या कोपऱ्यात 'मागच्या आठवड्यात : रोज इतके युनिट' एवढी ओळ मुलांकडूनच लिहून घ्या. दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' शिकवताना गणितंही याच वहीतून घालता येतात.

प्रश्न : मी सहावीत आहे. आमच्या घराच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्यावरून पंख्याला किती वीज लागते ते काढता येतं असं दादा म्हणतो. कसं?
— एक विद्यार्थिनी, सांगली

दादाचं बरोबर आहे. त्या दिव्याजवळ इंग्रजीत एक आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२०० इम्प/केडब्ल्यूएच. अर्थ असा की दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज खर्च झाली. तुझ्या मीटरवर १६०० किंवा ६४०० ही असू शकतं, ते आधी नीट वाच.

आता प्रयोग. हा दुपारी कर आणि घरातलं मोठं माणूस सोबत घे. घरातलं सगळं बंद करायचं : दिवे, टीव्ही, वायफायचा डबा. फ्रिजचा प्लग आणि इन्व्हर्टर बाबांना किंवा आईला बंद करायला सांग. दिवा लुकलुकायचा थांबला का बघ. थांबला नाही, तर अजून काहीतरी चालू आहे. मग फक्त एक पंखा पाच नंबरवर लाव, दोन मिनिटं फिरू दे आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन मीटरसमोर उभी राहा.

दिवा लुकलुकला की स्टॉपवॉच सुरू कर आणि तोंडानं म्हण 'शून्य'. पुढचा 'एक', मग 'दोन'... 'दहा' म्हणताना थांबव. ३२०० च्या मीटरसाठी ११,२५० ला आलेल्या सेकंदांनी भाग, उत्तर वॅटमध्ये येईल. १६०० च्या मीटरसाठी २२,५०० ला भाग, ६४०० साठी ५,६२५ ला. १५० सेकंद लागले तर ११,२५० ÷ १५० = ७५ वॅट. साध्या पंख्याचा आकडा साधारण ७० ते ८० च्या दरम्यान येतो.

पहिल्या लुकलुकण्याला 'एक' म्हटलंस तर फसशील. तेव्हा तू दहा नाही, नऊच अंतरं मोजलेली असतात. वेळ १३५ सेकंद येतो आणि उत्तर ७५ ऐवजी ८३ वॅट. पंखा तोच, चूक मोजण्याची.

मग रेग्युलेटर तीनवर आणि एकवर ठेवून पुन्हा मोज. बारीक गोल खुंटीचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर वॅट चांगले उतरतात. जुना मोठा चौकोनी रेग्युलेटर असेल तर वारा खूप कमी होतो, पण वॅट तितके उतरत नाहीत. बाकीची वीज त्या खोक्यातच तापून जाते, आणि खोकं गरम असतं ते त्यामुळेच.

एलईडी ट्यूब एकटी मोजायला बसू नकोस. २० वॅटला दहा वेळा लुकलुकायला नऊ मिनिटांहून जास्त लागतात. चार-पाच दिवे एकत्र लाव आणि उत्तराला तेवढ्यानं भाग. मीटरला, त्याच्या सीलला किंवा वायरींना हात लावायचा नाही. लांबूनच बघायचं. पावसात भिंत ओली असेल तर प्रयोग पुढे ढकल.

प्रश्न : शाळेतले २४ जुने पंखे काढून बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) पंखे बसवावेत असा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीत आला आहे. पैसे वसूल होतात का?
— पालक सदस्य, सातारा जिल्हा

होतात, पण शाळेत सावकाश होतात. बीएलडीसी पंखा पूर्ण वेगाला २८ ते ३५ वॅट घेतो, जुना ७५ च्या आसपास. एका पंख्यामागे ४५ वॅट वाचले असं धरू. २४ पंखे, रोज ६ तास, वर्षात पंख्याचे २०० दिवस, म्हणजे १,२९६ युनिट. एका युनिटचा भाव काढताना बिलाच्या एकूण रकमेतून स्थिर आकार वगळा आणि उरलेल्या रकमेला युनिटनं भागा, कारण स्थिर आकार वाचत नाही, पण वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क हे युनिटबरोबर कमी होतं. समजा तो ९ रुपये आला. वर्षाला ११,६६४ रुपये वाचतील. पंखा ३,००० रुपयांना धरला तर खर्च ७२,०००. सहा वर्षांहून थोडा जास्त काळ. हाच पंखा घरी दिवसाचे १२ तास, वर्षातले ३०० दिवस फिरतो आणि दोन वर्षांत पैसे फेडतो. फरक तासांचा आहे.

म्हणून चालू पंखे काढून टाकू नका. जो जळेल, त्याच्या जागी बीएलडीसी बसवा. त्याआधी तांब्याच्या चोकच्या जुन्या ट्यूब उरल्या असतील तर त्या बदला. ३६ वॅटची ट्यूब आणि चोक मिळून ५० च्या आसपास वॅट जातात, एलईडीला २० पुरतात, आणि एलईडी ट्यूबची किंमत पंख्याच्या दशांशही नसते. जुन्या पट्टीत एलईडी बसवताना चोक-स्टार्टरची जोडणी वायरमनकडून बदलून घ्या. काढलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो. त्या फोडायच्या नाहीत, मुलांच्या हाती लागतील अशा कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. खोक्यात बांधून ई-कचऱ्यात द्यायच्या.

पाच नंबरवरही रडत फिरणारा पंखा म्हणजे पंखा गेला असं नाही. बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मेलेला असतो. तो अगदी स्वस्तात बदलता येतो. पात्यांच्या कडांवरची धूळही दिवाळीच्या सुट्टीत पुसून घ्या.

बीएलडीसी घेताना दोन गोष्टी. त्याला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढून थेट बटणावर जोडावा लागतो. आणि वर्गात रिमोट टिकत नाही. भिंतीवरून वेग बदलता येणारं मॉडेल मागा, थोडं महाग पडलं तरी.

प्रश्न : प्रत्येक वर्गात 'वीजमंत्री' नेमला. पहिल्या महिन्यात छान चाललं, मग भांडणं सुरू झाली. वीजमंत्री डबा खाणाऱ्यांचा पंखा बंद करतो, मुलं त्याच्यावर चिडतात.
— मुख्याध्यापक, लातूर जिल्हा

वीजमंत्री एकच आणि वर्षभर असला की त्याचा हवालदार होतो. दोघांची जोडी नेमा, दर आठवड्याला बदला, म्हणजे वर्षभरात सगळ्यांची पाळी येईल. आणि त्यांचं काम वेळेला बांधा : प्रार्थनेला जाताना, खेळाच्या तासाला, प्रयोगशाळेत जाताना आणि शाळा सुटताना. वर्गात माणूस बसलेला असताना बंद करायचं नाही, हा नियम स्पष्ट सांगा. बचत म्हणजे घामाघूम बसणं अशी मुलांची समजूत झाली की ती मोठेपणी बचतीपासून लांबच पळतात. दंड तर अजिबात नको.

बरीचशी भांडणं बोर्डामुळे होतात. आठ बटणं, कोणतं कशाचं कुणालाच माहीत नाही. मग एक पंखा बंद करायला मूल सगळी बटणं खटाखट दाबतं आणि संगणकाचा प्लगही मरतो. एका दुपारी मुलांना बसवून प्रत्येक बटणाखाली चिठ्ठी लावा : 'खिडकीकडचा पंखा', 'फळ्याचा दिवा'. मुलांनी बंद करायच्या बटणाला हिरवा ठिपका, हात लावायचा नाही त्याला लाल. जलशुद्धी यंत्र, घंटा, कॅमेरे, संगणक हे लाल.

त्यानंतर दिव्यांच्या रांगा बघा. खिडकीजवळची ट्यूब आणि आतल्या भिंतीची ट्यूब एकाच बटणावर असेल, तर आतल्या मुलांना उजेड हवा म्हणून भर दुपारी खिडकीतलीही जळत राहते. तिथे मुलांची कितीही जाणीव जागी झाली तरी ती हतबल आहेत. वायरमनला सांगून खिडकीशी समांतर रांग वेगळ्या बटणावर घ्या. एका वर्गाचं हे काम फार तर अर्ध्या दिवसाचं.

उजेड कमी करण्याची घाई मात्र नको. वाचन-लेखनासाठी बाकावर ३०० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड असावा. मोबाईलवरचं लक्स मोजणारं ॲप अचूक नसतं, पण दोन बाकांची तुलना करायला चालतं. मळकी भिंत उजेड खाते. वरच्या भागाला आणि छताला पांढरा चुना मारला तर तेवढ्याच दिव्यांत वर्ग उजळ होतो.

प्रश्न : मोबाईलचा चार्जर लावून ठेवला तर खूप वीज जाते का? आणि ट्यूब सारखी बंद-चालू केली तर जास्त वीज लागते असं आजी म्हणते.
— नववीतला विद्यार्थी, पणजी

आताचा चांगला चार्जर रिकामा लावून ठेवला तर एक वॅटच्या आतच घेतो. काढलेला बरा, पण तेवढ्यावर समाधान मानू नकोस. तुझ्या घरी टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स असेल तर रिमोटनं बंद केल्यावरही तो बहुधा आठ-दहा वॅट घेत राहतो. रात्रभर, दिवसभर. तो भिंतीवरच्या बटणानं बंद कर.

आजीचं म्हणणं चोकच्या ट्यूबबद्दल अर्धं खरं होतं. ती ट्यूब लागताना क्षणभर जास्त प्रवाह घेते, पण एकूण वीज नगण्यच. सारखी लावल्यानं ट्यूबचं आयुष्य मात्र घटतं. एलईडीला दोन्ही लागू नाही. खोलीतून बाहेर पडलास की बंद कर.

आजीला झिरोच्या बल्बबद्दलही सांग. जुना रंगीत 'झिरो' शून्य वॅटचा नसतो, १२ ते १५ वॅटचा असतो. देवघरात तो रात्रंदिवस जळत असेल तर महिन्याला दहाएक युनिट होतात. त्याच आकाराचा एलईडीचा दिवा अर्ध्या वॅटला मिळतो. देवापुढचा उजेड तसाच राहतो.

प्रश्न : घरचं वीजबिल वर्गात आणायला सांगावं का? काही पालकांनी नाराजी व्यक्त केली.
— शिक्षक, ठाणे

सांगू नये. बिलावर नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक, थकबाकी सगळं असतं. कुणाकडे एसी आहे आणि कुणाकडे एकच दिवा, हे वर्गात उघडं पडतं. त्याऐवजी दोन आठवडे ठरल्या वेळी रीडिंग घेऊन मुलानं फक्त 'माझ्या घरी दुसऱ्या आठवड्यात किती टक्के फरक पडला' एवढं सांगावं. वाढला असेल तरी कारण सांगितलं की गुण सारखेच.

पालकांना मात्र घरगुती दरांचे टप्पे समजावून सांगा : ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, त्यापुढे. १०१ वं युनिट झालं की सगळं बिल महाग दरानं लागतं असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही, वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. पण वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या टप्प्यातलं असतं, म्हणून १२० वरून १०० वर येण्याचा फायदा ८० वरून ६० वर येण्यापेक्षा चांगलाच मोठा.

प्रश्न : आमची शाळा दोन खोल्यांची, बिल महिन्याला ३०-४० युनिटचं, त्यात वीज जातेच. आमच्या मुलांना बचत काय शिकवायची?
— शिक्षक, नंदुरबार जिल्हा

त्यांना विजेवर उपदेश करू नका. त्यांच्या वाट्याला आलेली वीज आधीच कमी आहे. तुमच्या शाळेतली जास्त ऊर्जा स्वयंपाकाच्या शेगडीवर खर्च होते. शालेय पोषण आहाराची खिचडी हीच तुमची प्रयोगशाळा.

गॅस मोजणं सोपं आहे. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर रिकामं वजन कोरलेलं असतं. घरगुती भरलेल्यात १४.२ किलो गॅस असतो. सिलिंडर चढवताना आणि आठवड्यानं मोठ्या माणसानं वजन करून द्यावं, वजाबाकी मुलांनी करावी. त्याला जेवलेल्या ताटांनी भागलं की 'शंभर ताटांना किती गॅस' निघतं.

मग स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या संमतीनं, त्यांना सोयीचं असेल तेवढंच बदला. मटकी, वाटाणा, हरभरा रात्रभर भिजवलेला हवा. डाळ-तांदूळ अर्धा तास. आणि पातेल्यावर घट्ट झाकण. पाणी एकदा उकळलं की आच कितीही मोठी केली तरी त्याचं तापमान शंभराच्या वर जात नाही, फक्त वाफ जास्त होते. २५ अंशांचं एक लिटर पाणी उकळीला आणायला ३१४ किलोज्यूल लागतात. तेच पाणी वाफ होऊन उडायला २,२६० म्हणजे सातपट. साध्या शेगडीवर एक लिटर पाणी उडालं की साधारण ८० ग्रॅम गॅस गेला. आधण आलं की आच बारीक, झाकण वर, आणि पाणी मापून घातलेलं. मुलांनी दाराशी उभं राहून किती तपेली पाणी घातलं ते लिहावं. शेगडीजवळ जायचं नाही.

ज्योत पिवळी, लांब दिसत असेल आणि पातेल्याचं बूड काळं होत असेल, तर बर्नरची भोकं तुंबली आहेत किंवा हवेची झडप नीट उघडलेली नाही. गॅस बंद करून बर्नर गार झाल्यावर सुईनं भोकं मोकळी करा. तरीही ज्योत निळी झाली नाही, तर नोजल साफ करायला गॅस एजन्सीचा मेकॅनिक बोलवा, ते काम शाळेत करू नका.